मुले पेरलेले बी रोज उकरून पाहतात. त्यांना थांबवावे का?

प्रश्न – बालवर्ग शिक्षिका, कोथरूड

नमस्कार. मी एका लहान बालवर्गात चार-पाच वर्षांच्या बावीस मुलांना शिकवते. जूनअखेरीस आम्ही कुंड्यांत मूग पेरले. परंतु दुसऱ्याच दिवसापासून मुले माती उकरून बी बाहेर काढतात, दाबून पाहतात आणि पुन्हा पुरतात, त्यामुळे एकही रोप धड वाढलेले नाही. मी रागावून कुंड्या उंच फळीवर ठेवल्या, तेव्हापासून मुलांनी त्यांच्याकडे पाहणेच सोडून दिले आहे, आणि मला तेच अधिक खुपते. अशा वेळी काय करावे?

उत्तर – निवृत्त बालवाडी शिक्षिका, सदाशिव पेठ

ताई, बी उकरणारे मूल नासधूस करत नसते. मातीआड काय चालले आहे हे त्याला पाहायचे असते आणि ते पाहण्याची दुसरी सोय आपण केलेली नसते. काचेच्या रुंद बरणीत आतून टीपकागद लावावा, मध्ये ओला कापूस भरावा आणि रात्रभर भिजवलेले वाल कागद व काच यांच्यामध्ये ठेवावेत. तळाशी पाणी साचू देऊ नये, अन्यथा बी कुजते. मुगापेक्षा वाल बरे, कारण ते मोठे असतात आणि लहान बोटांना सोलता येतात. काही आडवे, काही उलटे लावावेत: कसेही ठेवले तरी मूळ खाली आणि कोंब वर वळतो. मूळ बोटभर वाढल्यावर बरणी आडवी केली, तर एक-दोन दिवसांत त्याचे टोक पुन्हा जमिनीकडे वाकलेले दिसते. कारण सांगण्याची घाई करू नये. आधी मुलांचे अंदाज ऐकावेत.

शिवाय उकरण्यासाठी एक कुंडी वेगळी ठेवावी. तिच्यात आठवडाभर रोज चार वाल पेरावेत आणि मग मुलांना ते उपटून वयाप्रमाणे ओळीने मांडू द्यावेत. भिजलेला वाल सोलला की घरातली ओळखीची डाळिंबी हाती येते, तिची दोन दले उघडून आतला इवलासा कोंब पाहिल्यावर माझ्या वर्गातील एक मुलगी म्हणाली होती, "आपण झाडाचं बाळ खातो." ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा बिया, पाने, खडे, शिंपले हीच त्यांची साधने होती, महागड्या संचांच्या आजच्या काळात हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

उत्तर – पालक, बाणेर

एक सावधगिरी सुचवतो. पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या बियाण्याला अनेकदा औषध चोळलेले असते, म्हणून वाण्याकडचेच कडधान्य घ्यावे. कच्चे वाल तोंडात घालू देऊ नयेत. मुले बिया गोळा करत असतील, तर त्यांत गुंजा नाहीत याची खात्री करावी. त्या दिसायला सुंदर असल्या तरी अत्यंत विषारी असतात.

उत्तर – अंगणवाडी सेविका, हडपसर

पावसाळ्यात कढीलिंबाच्या पानांवर लिंबावरच्या फुलपाखराची अळी सापडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून केशरी शिंगे काढून उग्र वास सोडते. ती पाळायची असेल, तर बाजारातील पाला घालू नये, कारण त्यावर कीटकनाशक असू शकते. फवारणी न केलेल्या ओळखीच्या झाडाचीच पाने द्यावीत. आमच्याकडे फुलपाखरू बाहेर पडले, तेव्हा रोज दंगा करणारी मुलेही श्वास रोखून बसली होती.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, दहा दिवसांनी

सर्वांची आभारी आहे. बरणी काल आडवी केली आणि आज मुळे वाकलेली दिसली. एका मुलाने विचारले, "रात्री अंधारात मुळाला खाली कुठे आहे ते कसं कळतं?" मी उत्तर दिले नाही. मुलांनी स्वतःच दुसरी बरणी आडवी करून पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकली आहे आणि सोमवारी ते खोके उचलायचे ठरले आहे.