माग बंद न करता तगायला सरकारी मदत मिळते का?

मागवाला, इचलकरंजी:
16 साधे यंत्रमाग, सगळं जॉबवर्क. सूत व्यापाऱ्याचं, आम्हाला पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. दिवाळीपासूनची मजुरी अडकलीय, कर्जाचे दोन हप्ते थकलेत. बीम (उभ्या सुताचा रूळ) संपून दुसरा आला नाही की माग उभा, आणि कामगाराची त्या दिवसाची कमाई बुडाली. दोघं तर वडिलांच्या वेळेपासूनचे. अशी माणसं एकदा सुटली की परत मिळत नाहीत. माग भंगारात घालायचे नाहीत मला. काय करता येईल?

हिशेबनीस:
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? मग 2006 च्या एमएसएमईडी (लघुउद्योग विकास) कायद्याने, करार काहीही असो, 45 दिवसांवर पैसे अडवता येत नाहीत. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

मागवाला, इचलकरंजी:
पुढचं सूतही त्याच्याकडूनच यायचंय हो. तक्रार केली की माग त्याच दिवशी थांबणार.

निवृत्त बँकवाला:
मग आधी बँक गाठा. रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2016 च्या नियमांच्या चौकटीत, अडचणीतल्या लघुउद्योगांच्या 25 कोटींपर्यंतच्या कर्जखात्यांसाठी बँकेची समिती असते. 90 दिवस थकून खातं एनपीए (थकीत कर्ज) व्हायच्या आत मालकाला स्वतःहून अर्ज करता येतो. हप्ते नव्याने बांधून मिळू शकतात. साहेबांशी नुसतं बोलून येऊ नका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ही सोय शाखेत कुणी आपणहून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मागवाला, इचलकरंजी:
सोबत वीजबिलं जोडू का?

निवृत्त बँकवाला:
जोडाच. माग चालू असल्याचं त्यातून दिसतं. येणे मजुरीची यादीही द्या, तारखांसकट.