मदत हवी आहे : गिऱ्ह्याचा मुखवटा पाण्यात टिकत नाहीये

मंडळी, कुडाळजवळ २० मिनिटांची भयपट शॉर्ट फिल्म करतोय. बजेट सगळं मिळून ६० हजार. भूत आपलंच, कोकणातला गिऱ्हा, म्हणजे पाण्यात राहणारा. लहानपणी आजीने सांगितलेला तो गिऱ्हा मला अजून आठवतो, म्हणून त्याला स्वस्तातला रबरी राक्षस करायचं नाहीये.

अडचण मुखवट्याची. प्लास्टरच्या साच्यात लिक्विड लेटेक्सचे (पातळ रबराचे) सहा थर दिले, पण या दमट हवेत ते आतून ओलेच राहतात आणि काढताना कडा फाटतात. सिलिकॉन घ्यावं तर महाग, शिवाय मुखवटा घडवायची माझी क्ले (माती) सल्फरवाली. तिच्यावर प्लॅटिनम सिलिकॉन (सिलिकॉनचा एक प्रकार) सेट होत नाही, हे एक किलो वाया गेल्यावर कळलं.

कोणी पावसाळ्यात लेटेक्स सुकवलंय का? बल्ब आणि पंखा लावून जमतं का? नट अर्धा तास वहाळात उभा राहणार, तेव्हा कडा कशाने चिकटवू? त्याच्या त्वचेला त्रास होता कामा नये, ते सर्वात महत्त्वाचं. अंगावरच्या बुळबुळीतपणासाठी मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवल्यावर चिकट जेल होणारी पावडर) वापरायचा विचार आहे. वाहत्या पाण्यात ते टिकेल का?

शूटिंगला तीन आठवडे आहेत.