थायरॉईडचा कर्करोग मानेच्या लसिकाग्रंथींत आढळला तर?

प्रश्न (अमळनेर): माझ्या 38 वर्षांच्या वहिनीच्या पॅपिलरी (थायरॉईडच्या कर्करोगाचा एक प्रकार) कर्करोगाच्या अहवालात मानेच्या 3 लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) बाधित असल्याचे लिहिले आहे. आजार हाताबाहेर गेला, असे समजायचे का?

उत्तर (धुळे): नाही, ताई. या प्रकारात लसिकाग्रंथी बाधित होणे नेहमीचेच आहे, आणि 2018 पासून वापरात असलेल्या टीएनएम वर्गीकरणानुसार (मूळ गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार पाहून टप्पा ठरवण्याची पद्धत) 55 वर्षांखालील रुग्णात दूरच्या अवयवांत प्रसार नसेल, तर ग्रंथी बाधित असूनही टप्पा पहिलाच धरला जातो.

उत्तर (जळगाव): जिवाचा धोका कमी असला, तरी आजार उलटण्याची शक्यता वाढते, म्हणून ग्रंथीतील सर्वांत मोठा बाधित भाग किती मिलिमीटरचा आहे आणि तो आवरणाबाहेर गेला आहे का, हे अहवालात आवर्जून पाहा.

प्रश्नकर्ती: ‘4 मिलिमीटर, आवरण शाबूत’ असे आहे, भाऊ.

उत्तर (जळगाव): हे दिलासादायक आहे. थायरोग्लोब्युलिनची (थायरॉईडच्या पेशी तयार करतात त्या प्रथिनाची) रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी मात्र चुकवू नका.