जमैकाची 'चॅम्प्स' आणि शंभर वर्षांच्या शालेय विक्रमांची वही : माहीत असलेलं लिहा

सुकाणू
सकाळी १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्याचा विषय निघाला. सरदेसाईंचे २१२, किंग्स्टनचं सबिना पार्क. त्यावरून आठवलं, की जमैकातल्या शाळांची पहिली मैदानी स्पर्धा १९१० साली याच मैदानावर झाली होती. शाळा फक्त सहा, आणि विजेती वुल्मर्स. तीच स्पर्धा आजची 'चॅम्प्स'. आता ती नॅशनल स्टेडियमवर पाच दिवस चालते. ज्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे, तिथं शाळकरी मुलांच्या शर्यतीला स्टेडियम भरतं.

या स्पर्धेतला माझा सगळ्यात आवडता आकडा सांगून सुरुवात करते. नॉर्मन मॅनली, पुढे जमैकाचे प्रीमियर आणि आज तिथले राष्ट्रीय वीर. जमैका कॉलेजमध्ये (नावात कॉलेज असलं तरी शाळाच) शिकत असताना १९११ला ते १०० यार्ड १०.० सेकंदांत धावले. तो विक्रम १९५२पर्यंत, म्हणजे ४१ वर्षं टिकला.

हा आकडा नीट वाचायला हवा. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. उरलेले ८.५६ मीटर पूर्ण वेगात पळायला ०.९ सेकंद धरा, म्हणजे हातघड्याळावर १०० मीटरला साधारण १०.९. तेही गवतावर आणि पायासाठी जमिनीत खड्डे खणून, कारण स्टार्टिंग ब्लॉक तेव्हा निघालेच नव्हते. शाळकरी मुलाची ही धाव आजही कुठल्याही आंतरशालेय अंतिम फेरीत शोभेल.

इथं स्पर्धा भरवणारे, वेळ घेणारे, पंचाचं काम करणारे बरेच आहेत. जुने विक्रम कसे वाचायचे, शालेय स्पर्धेत नेमकं काय चुकतं, ते लिहा.

फक्की_आणि_फीत
गवत म्हणालात, तर आधी आखणी. इथंच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो.

पक्क्या ट्रॅकला आतून कर्ब (जरा उचललेली कड) असतो, म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंमीवर मोजतात. गवतावर कर्ब नसतो, नुसती फक्कीची रेघ असते. तिथं २० सेंमीवर मोजायचं. बाकी सगळ्या लेनना दोन्हीकडे २०च. लेन १.२२ मीटरची, तिच्यात उजवीकडची रेघ धरायची, डावीकडची नाही.

आता परिणाम बघा. ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा स्टॅगर (बाहेरच्या लेनला पुढून दिलेली सुरुवात) कर्ब असेल तर ७.०४ मीटर, नसेल तर ७.६७. लोक पुस्तकातलं ७.०४ उचलतात आणि गवतावर मारतात. मग दुसऱ्यापासून आठव्या लेनपर्यंत प्रत्येक मूल पहिल्या लेनवाल्यापेक्षा ६३ सेंमी जास्त पळतं. शिवाय ३६.५० त्रिज्या आणि ८४.३९ सरळ हे मापही कर्बवाल्या ट्रॅकचं आहे. गवतावर तेच घेतलं तर पहिली लेन ३९९.३७ मीटर भरते. त्रिज्या तीच ठेवून सरळ भाग ८४.७० करा, प्रश्न मिटतो.

फीत पोलादी हवी. कापडी फीत ताणली जाते.

आठवी लेन
फीत ताणली जाते त्यापेक्षा वळणावर ती सरकते, त्याने जास्त चुकतं. केंद्रबिंदूला खुंटी घट्ट ठोका आणि दर वळणाला तपासा.

तीन_घड्याळं
वेळेबद्दल लिहिते, हातातलं काम अर्धं टाकून.

१९११ची घड्याळं बहुधा सेकंदाचे पाच भाग दाखवणारी. १०.० नंतर खाली थेट ९.८. त्यामुळे ४१ वर्षं टिकलेल्या विक्रमात धावणाऱ्याचं मोठेपण आहेच, पण काटा किती बारीक भाग दाखवू शकत होता याचाही वाटा आहे. एक दशांशाने कमी वेळ त्या घड्याळावर दिसलीच नसती.

हातघड्याळाचे नियम, जे शाळांत हमखास मोडले जातात:

घड्याळ बंदुकीच्या धुरावर किंवा ज्वाळेवर सुरू करायचं, आवाजावर नाही. आवाजाला १०० मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाजावर सुरू केलं की तेवढी वेळ फुकट मिळते, आणि मग गावभर 'विक्रम' होतात.

दशांशात लिहिताना नेहमी वर न्यायचं. घड्याळात १०.११ दिसलं तर नोंद १०.२, १०.१ नव्हे.

तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ. तिन्ही वेगळी तर मधली. दोनच घड्याळं असतील तर संथ वेळ. सरासरी काढायची नाही!!

इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना ३०० मीटरपर्यंत ०.२४ आणि ४००ला ०.१४ मिळवतात. सुकाणूताईंचं १०.९ म्हणजे असं बघितलं तर ११.१४च्या आसपास.

सुकाणू
@तीन_घड्याळं, पाचव्या भागाचं लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. काम आटोपून परत या, पंचांनी उभं कुठं राहायचं तेही लिहा.

मिडविकेट
सबिना पार्क म्हणजे १९७६ची ती कसोटी ना? बेदींनी ६ बाद ३०६वर डाव सोडला होता.

आठवी लेन
हो तीच. दुसऱ्या डावात ५ बाद ९७, पाचजण जखमी म्हणून फलंदाजीलाच आले नाहीत. पण ते क्रिकेटच्या धाग्यावर घेऊ या, इथं आता कुठं रंगतंय.

गुणतक्ता
चॅम्प्स इतकी टिकली ती शाळांच्या गुणांमुळे, असं माझं ठाम मत आहे. वैयक्तिक पदकं कुठंही मिळतात.

पहिल्या आठांना गुण : ९, ७, ६, ५, ४, ३, २, १. एका स्पर्धाप्रकारात एकूण ३७. बेरीज करून बघा. एक शाळा पहिली आणि आठवी आली तर १०. दुसरी शाळा तिसरी आणि चौथी आली तर ११. तारा असलेली शाळा मागे, दोन बरे धावपटू असलेली पुढे. म्हणून तिथले प्रशिक्षक सातव्या-आठव्या क्रमांकासाठीही जीव टाकतात. बाहेरच्यांना १०० आणि २०० मीटरच दिसतं, ढाल मात्र गोळा, थाळी, तिहेरी उडी आणि १५०० मीटरमध्ये जिंकली जाते. वयानुसार वर्ग आहेत, त्यामुळे लहान वर्गातलं मूलही शाळेच्या बेरजेत तितकंच मोलाचं.

सलगतेचं उदाहरण : किंग्स्टन कॉलेज १९६२ ते १९७५, ओळीने १४ वेळा. कॅलाबार २०१२ ते २०१८, सात वेळा. आणि सगळ्यात सुंदर योगायोग म्हणजे २०१०, शंभरावं वर्ष. पहिली स्पर्धा जिंकणारी वुल्मर्सच पुन्हा जिंकली, अर्धशतकाहून मोठ्या खंडानंतर.

आपल्याकडे ५-३-१ देतात तिथं चौथा आलेला मुलगा शाळेसाठी शून्य ठरतो, पुढच्या वर्षी तो मैदानावर दिसत नाही. आठापर्यंत गुण द्या. खर्च काहीच नाही, तक्त्यात पाच आकडे वाढतात.

जुनी_वही
बोल्टचं कुणीच लिहिलं नाही अजून! २००३ची चॅम्प्स. २०० मीटर २०.२५, ४०० मीटर ४५.३५. वय १६. आदल्याच वर्षी त्याच स्टेडियमवर कनिष्ठांच्या जागतिक स्पर्धेत २००चं सुवर्ण, तेव्हा १५ वर्षांचा.

४००चा तो विक्रम २०१४मध्ये जेव्हॉन फ्रान्सिसने मोडला, ४५.००. मग २०१६मध्ये अकीम ब्लूमफील्ड, ४४.९३. शाळकरी मुलगा ४५च्या आत!

आणि उलट बाजूही सांगायला हवी. एलेन थॉम्प्सन, ऑलिंपिकमध्ये दोनदा १०० आणि २०० दोन्ही जिंकणारी. २००९च्या चॅम्प्सला वर्ग २च्या १०० मीटरमध्ये चौथी आली होती. गुणतक्तावाले म्हणतात तेच, तिच्या त्या पाच गुणांना शाळेत किंमत होती.

चौथी_धाव
मुलींचा विषय निघाला म्हणून. मुलांची आणि मुलींची स्पर्धा एकत्र झाली १९९९ला, त्याआधी वेगवेगळ्या व्हायच्या. मर्लिन ऑटी आणि व्हेरोनिका कॅम्पबेल दोघी व्हेअर टेक्निकलच्या. शेली-ॲन फ्रेझर वुल्मर्सच्या मुलींच्या शाळेची. एवढी नावं एका बेटावरच्या शाळांतून, वाचूनच ऊर भरून येतो.

आता रिले. तिथं रिलेला जो आवाज होतो तो कशालाच होत नाही, आणि मुलांच्या चुकाही तिथंच होतात.

४×१०० चा बदल-पट्टा (बॅटन द्यायची-घ्यायची जागा) आता ३० मीटरचा. पूर्वी २०चा होता आणि मागे १० मीटर वेग घ्यायला वेगळे मिळायचे, तिथं बॅटन घेता येत नसे. आता सगळा एकच. जुने प्रशिक्षक अजून 'वीस मीटर' म्हणून शिकवतात.

पट्टा बॅटनला लागू होतो, पायाला नाही. मुलगी बाहेर आणि बॅटन आत, तर चालतं. मुलगी आत आणि बॅटन बाहेर, तर बाद.

खूण : घेणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेपासून मागे पावलं मोजून टेप लावायची. नवख्या जोडीला १८ ते २० पावलांपासून सुरू करा. देणारी खुणेवर आली की घेणारीने निघायचं, मागे बघायचं नाही. घेणारी हाताला येत नसेल तर खूण दोन पावलं जवळ आणा. देणारी अंगावर येत असेल तर दोन पावलं लांब न्या. सकाळच्या सरावाची खूण दुपारी चालेलच असं नाही. दोन हीट (प्राथमिक फेऱ्या) धावलेली देणारी संथ झालेली असते, घेणारी ताजी असते, आणि बॅटन हवेत राहतं. दमलेल्या मुलीसाठी खूण एक-दोन पाऊल आत घ्या.

बॅटन पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्यानेच उचलायचं. घाईत दुसरी उचलते आणि धावलेलं सगळं वाया. फार वाईट वाटतं बघताना.

धावती_भेट
वाचतेय फक्त. ४×४००चं पण लिहा कुणी, पहिलं वळण कुठं सोडायचं त्यावरून दरवर्षी भांडणं.

चौथी_धाव
पहिली धावणारी पूर्ण फेरी लेनमध्ये. दुसरी पहिलं वळण लेनमध्ये, ते संपलं की ब्रेकलाइनला आत यायचं. म्हणजे ५०० मीटर लेनमध्ये. तिसरी आणि चौथी कुठल्या क्रमाने उभी राहणार हे आधीच्या धावपटू २०० मीटरला ज्या क्रमाने जातील त्यावर ठरतं, आणि एकदा ठरलं की मागची पुढे आली तरी जागा बदलायची नाही. भांडण इथंच होतं. तिथं एक पंच फक्त या कामाला उभा करा.

वाऱ्याची_दिशा
जुन्या वहीत विक्रमापुढे वाऱ्याचा आकडा नसेल तर १००, २००, लांब उडी, तिहेरी उडी सगळं जपून वाचा. मागून २.० मीटर प्रतिसेकंदापर्यंत ग्राह्य. वारामापक अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनच्या बाजूला, कडेपासून २ मीटरच्या आत, उंची १.२२ मीटर. १००ला बंदुकीपासून १० सेकंद मोजायचं. अडथळ्यांच्या सरळ शर्यतीला १३. २००ला पहिला धावपटू सरळ भागात शिरल्यापासून १०. लोक २००ला बंदुकीपासूनच मोजतात, तो आकडा निरुपयोगी.

गोळा_पाच_किलो
फेकीच्या विक्रमांत तर वजन बघितल्याशिवाय बोलूच नये. मुलांचा गोळा १८ वर्षांखालील ५ किलो, २० खालील ६, मोठ्यांचा ७.२६. थाळी १.५, १.७५, २. भाल्यात आणखी एक गोष्ट : १९८६ला पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंमी पुढे नेला, म्हणजे तो लवकर नाक खाली करतो. त्याआधीचा ८०० ग्रॅमच्या भाल्याचा शालेय विक्रम 'अजून कुणी मोडला नाही' म्हणून फलकावर ठेवणं आजच्या मुलांवर अन्याय आहे. फलकावर दोन ओळी करा, जुना भाला आणि नवा भाला.

अडथळ्यांचंही तेच. ११० मीटरला १८ खालील ९१.४ सेंमी, २० खालील ९९.१, मोठ्यांना १०६.७.

जुनी_वही
+१. आणि यार्डांचे विक्रम पुसू नका, वेगळ्या पानावर ठेवा. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, फरक साधारण ०.३ सेकंद. २२० यार्ड २०१.१७. मैल १६०९, तो १५००शी जोडूच नका.

सुकाणू
प्रशिक्षकांबद्दल दोन ओळी राहिल्या होत्या. जी. सी. फॉस्टर १९०८च्या ऑलिंपिकसाठी केळ्यांच्या बोटीने लंडनला गेले आणि जमैकाची संलग्नता नाही म्हणून त्यांना धावू दिलं नाही. परत येऊन त्यांनी मुलं घडवली. आज त्यांच्या नावाचं क्रीडाशिक्षकांचं महाविद्यालय आहे, १९८०चं, क्यूबाने बांधून दिलेलं. हर्ब मॅकेन्ली कॅलाबारचे. १९५२ला हेलसिंकीत १०० आणि ४०० दोन्हीत रौप्य, ४×४०० सुवर्ण विश्वविक्रमासह, आणि नंतर पुन्हा आपल्याच शाळेत प्रशिक्षक. शाळांना शिकवायला असे लोक मिळाले.

आठवी लेन
एक काळजी लिहून ठेवतो. गुणांच्या ओढीत चांगल्या मुलाला १००, २००, लांब उडी आणि रिले, सगळीकडे घालतात. हीट, उपांत्य, अंतिम धरून एका दिवसात पाच-सहा वेळा पूर्ण जोर. मांडीचा मागचा स्नायू शेवटच्या रिलेलाच जातो. वेळापत्रक करतानाच १०० अंतिम आणि २०० हीट यांत किमान दीड-दोन तास सोडा, आणि लांब उडी वेगळ्या दिवशी घ्या.

तीन_घड्याळं
परत आले. पंच अंतिम रेषेच्या थेट रेषेत, ट्रॅकपासून निदान ५ मीटर बाहेर, पायऱ्यांच्या स्टँडवर एकामागे एक उंच. ट्रॅकला चिकटून उभं राहिलं की जवळच्या लेनचा धावपटू लांबच्याला झाकतो. बघायचं छातीकडे. डोकं, हात, पाय मोजायचे नाहीत. दोन्ही बाजूंना खांब लावा, नजर दोन्ही खांब एकात एक दिसतील अशी.

धावती_भेट
खांब किती उंच?

तीन_घड्याळं
१.४० मीटर, पांढरे, रेषेच्या टोकांपासून ३० सेंमी बाहेर.