मायच्या बिडाच्या तव्याला जंग लागला, तेल लावलं तर चिकट झाला, कोणी नीट सांगेल का?

दारव्ह्याची_लेक

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहिते आहे पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

माझी माय मागच्या दिवाळीच्या आधी गेली. तिचा एक बिडाचा तवा होता, धिरड्याचा, चांगला जाड, एकच कान शिल्लक आहे, दुसरा मी लहान असतानाच तुटला होता. भावानं घर बांधायला काढलं तेव्हा स्वयंपाकघरातलं सगळं सामान कोठ्यात नेऊन टाकलं आणि पूर्ण पावसाळा तवा तिथं कुटाराच्या पोत्याखाली पडून राहिला. पोळ्याला माहेरी गेले तेव्हा सापडला. लालभडक जंग, हात लावला की बोटं लाल. मी तोच उचलून आणला, बाकी भांड्यांमधलं मला काही नको होतं.

आता इथं काय काय केलं ते सांगते. तारेच्या घासणीनं घासला, चिंच लावून घासला, बराच जंग गेला. मग यूट्यूबवर पाहिलं की तेल लावून तापवायचं, तर दोन चमचे सोयाबीनचं तेल टाकलं, सगळीकडे पसरवलं, गॅसवर पाच-सात मिनिटं ठेवला आणि रात्रभर तेल मुरू दिलं. सकाळी पाहते तर डिंक लावल्यासारखा चिकट, मधे पिवळे-तपकिरी थेंब जमलेले, बोट लावलं की बोट ओढून धरते. त्यावर धिरडं टाकलं तर असं पकडून बसलं की उलथन्यानं खरवडून काढावं लागलं आणि खवट वास आला तो वेगळाच. मला वाटलं तेल कमी पडलं म्हणून दुसऱ्या दिवशी अजून तेल लावलं. आता तर जास्तच चिकट झाला आहे.

शेजारच्या काकू म्हणतात चुलीत टाकून लालबुंद कर, सगळं जळून जाईल. घरचे म्हणतात भंगारवाल्याला दे आणि नॉनस्टिक घे. पण माय ह्याच तव्यावर कांद्याचा अर्धा काप तेलात बुडवून फिरवायची अन् धिरडं कडेनं आपोआप सुटून यायचं, आम्ही तिघं भावंडं चुलीपुढं ताटल्या घेऊन बसलो राहायचो. तवा तोच आहे मग माझ्या हातून काहून होऊन नाही राहिलं?

आर्वीचा_आचारी

ताई, तवा भंगारात देऊ नका आणि चुलीतही टाकू नका. मी वीस-बावीस वर्षांपासून लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करतो, बिडाच्या कढया, तवे सगळं वापरलेलं आहे, म्हणून सांगतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन २ ते ४ टक्के असते, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ. घिसाड्याकडून घेतलेला ठोकीव लोखंडी तवा पडला तर वाकते, बिडाचा पडला तर तुटते, तुमच्या तव्याचा कान तसाच गेला असणार. आणि एकदम भडक आगीत टाकला, एका बाजूनं लाल झाला दुसरीकडे थंड राहिला, की तडा जातो नाहीतर तवा वाकडा होतो. वरून अशा जळालेल्या लोखंडावर तेल नीट धरत नाही.

पहिले एक करा. कानाला दोरी बांधून तवा हवेत लटकवा आणि चमच्यानं हळूच ठोका. घंटीसारखा टणटण आवाज आला तर तवा धड आहे. भद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, मग मात्र तो वापरू नका, आठवण म्हणून जपा.

जंगाचं टेन्शन घेऊ नका, तो वरवरचा असते. तुमचं चुकलं ते तेल आणि तापात. तेल लय जास्त आणि ताप लय कमी. तेल तव्यात मुरत नाही ताई, लोखंड काही माती नाही मुरायला. पातळ तेल जोरात तापलं की त्याचं रूपच बदलते, तेलाचे कण एकमेकांत गुंफून कडक पापुद्रा होते आणि तो लोखंडाला धरून बसते. तीच ती काळी चकाकी. तेल जाड राहिलं किंवा ताप अर्धवट राहिला की ते ना तेल राहते ना पापुद्रा होते, मधल्या मधे चिकट होऊन बसते. तुमच्या तव्यावर तेच झालं आणि त्यावर तुम्ही अजून एक थर चढवला.

आता आधीचा चिकटा पूर्ण काढा. कडकडीत पाणी, खायचा सोडा, भांड्याचं साबण आणि तारेची घासणी. साबणाला घाबरू नका, एक-दोन वेळचं साबण चालते, जुन्या काळी साबणात कॉस्टिक जास्त असायचं म्हणून नको म्हणत. तरी जंगाचे डाग उरले तर व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून त्यात तवा बुडवा, पण अर्धा तास, जास्तीत जास्त एक तास, मधे मधे काढून पाहत राहा. रात्रभर ठेवला तर जंगासोबत लोखंडही खाते. चिंचेचं पण तसंच, घासून झाल्यावर आंबटपणा पूर्ण धुऊन काढायचा, नाहीतर तोच उद्या जंग आणते. आणि धुतला की ओला ठेवायचा नाही, लगेच गॅसवर. उघडं पडलेलं बीड दहा मिनिटांत पुन्हा लालसर होते, तुम्ही पाहालच.

मग तवा कोरडा करून हात लावला तर चटका बसेल इतका गरम करा, गॅस बंद करा आणि तेलाचे चार-पाच थेंब टाका. थेंब म्हणतो मी, चमचे नाही. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं आतून, बाहेरून, कानाला, कडेला सगळीकडे लावा. आणि आता मेन गोष्ट, दुसरं कोरडं फडकं घ्या आणि ते तेल पुसून टाका. जणू चुकून लागलं होतं असं पुसा. तवा कोरडा दिसला पाहिजे, तुम्हाला वाटलं पाहिजे की आता ह्यावर काही उरलंच नाही. तरी उरते, आणि तेवढंच पाहिजे असते. ह्याच जागी लोकं चुकतात, मन होत नाही पुसायचं.

मग उपडा ठेवून तापवायचा. गॅसवर फक्त मधला भाग तापते, कडा थंड राहतात, म्हणून तवा सरकवत सरकवत फिरवावा लागते. तुमच्याकडे चूल असेल तर बाभळीच्या लाकडाचे इंगळ करून त्यावर उपडा ठेवा. पऱ्हाटी, तुराटीचा जाळ नको, तो भसकन पेटते आणि लगेच बसते, ताप एकसारखा मिळत नाही. धूर निघेल, निघू द्या, धूर पूर्ण थांबेपर्यंत काढू नका, पाऊण तास-तास लागते. खिडकी उघडी ठेवा, लेकरांना बाहेर पाठवा. मग आपोआप थंड होऊ द्या. पहिल्या थराला तवा तपकिरी दिसेल, तो खराब झाला असं समजू नका. असे चार-पाच थर द्या, दोन दिवसांत केले तरी चालते. सोयाबीन तेल चालते, सरकीचं पण चालते. खोबरेल नको, ते असं कडक होत नाही.

पांढरकवड्याची_सून

आचारी भाऊनं बरोबर सांगितलं. मी फक्त दोन गोष्टी सांगतो बाई, माया सासूबाईच्या कढईपायी शिकली म्हणून.

एक म्हणजे धिरड्याच्या तव्यावर भाकर नको टाकू. भाकरीले तवा कोरडा लागते, ताव कडक लागते, वरून पाण्याचा हात फिरवा लागते, अन् ते सारं तेलाच्या थराच्या मुळावर येते. मधातला थर जयून जाते अन् मंग त्या जागी धिरडं धरते. आमच्या घरी भाकरीचा तवा येगळा, धिरड्याचा येगळा, सासूबाई कोणाले हात लावू देत नोयत्या. मले पयले वाटे का बुढीची खोड हाये, आता समजते.

दुसरं, तापल्या तव्यावर थंड पाणी कधीच नको ओतू. म्या नव्यानं आली तव्हा सासूबाईच्या बिडाच्या कढईत चून म्हंजे पिठलं केलं, बुडाले लागलं, म्हणून चुलीवरून उतरवली अन् लगेच रांजणातलं पाणी ओतलं. टण्णकन आवाज आला अन् कढई आरपार तडकली. ते कढई त्याइच्या मायनं त्याइले देल्ली होती. एका शब्दानं बोलल्या नाईत मले, फक्त ते कढई धुऊन पुसून फळीवर ठेवून देल्ली, अजूनही तिथंच हाये. म्हणून सांगतो, लागलंच तर तवा कोमट होऊ दे, मंग गरम पाणी टाक.

धानपट्टा_भंडारा

तेलाबद्दल माझं मत वेगळं आहे. जवसाचं तेल वापरा. आमच्याकडे धान कापायच्या आधी बांधीत जवस, लाखोळी फेकून उतेरा घेतात, घाण्यावरचं जवसाचं तेल घरचंच असते. हे तेल हवेत सुद्धा वाळून कडक होते, म्हणून तर रंगात आणि लाकडाला वापरतात. तव्यावर काचेसारखा थर येतो. फक्त खायचं घाण्याचं तेल घ्या, रंगाच्या दुकानातलं चुकूनही नको, त्यात लवकर वाळायसाठी दुसरं केमिकल टाकलेलं असते.

आर्वीचा_आचारी

दादा, जवसाचा थर दिसायला एक नंबर, मान्य. पण तो कडक तितकाच ठिसूळ. माझ्या एका कढईवर सहा थर दिले होते, दोन महिने मस्त चालली, मग काळे पापुद्रे सुटून भाजीत यायला लागले, पूर्ण घासून परत सोयाबीनवर आलो. पहिला एखादा थर द्यायला हरकत नाही, पण ताई नवीन आहेत, त्यांनी रोजच्या तेलानंच सुरू करावं असं मला वाटते.

धानपट्टा_भंडारा

माझा तवा तीन वर्षं झाली, पापुद्रा नाही सुटला. थर अगदीच पातळ पाहिजे एवढं खरं. तुम्ही पंगतीच्या मोठ्या जाळावर वापरता, त्यानंही फरक पडत असेल.

सिस्टर_चिमूर

तव्याबद्दल सगळं सांगून झालं, मी आरोग्याच्या बाजूनं थोडं सांगते कारण मी उपकेंद्रात काम करते आणि आमच्या भागात बायांचं हिमोग्लोबिन हा रोजचा विषय आहे. लोखंडी किंवा बिडाच्या भांड्यात शिजवलं की अन्नात थोडं लोह उतरते, आंबट असलं की जास्त उतरते. फक्त तव्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका, गर्भार बायांनी तर अजिबात नाही. आंबाडीची भाजी, टमाटर, कढी असं आंबट बिडात तासन् तास शिजवू नका आणि त्यातच झाकूनही ठेवू नका, तेलाचा थर निघून जातो, भाजी काळी पडते, लोखंडाची चव येते.

आणि एक महत्त्वाचं. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट खूप आहेत. ज्यांना वरचेवर रक्त चढवावं लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठू शकते. घरात असं कोणी असेल तर रोजचं जेवण लोखंडी भांड्यात करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. अशक्तपणा दिसला म्हणजे लोह कमीच असेल असं नसते.

दारव्ह्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आचारी दादा, आधी लटकवून ठोकला. टण्ण आवाज आला आणि बराच वेळ घुमत राहिला, माझ्या जिवात जीव आला.

चिकटा काढायला पूर्ण दुपार गेली. तुम्ही म्हणाले तसा धुतल्यावर डोळ्यांदेखत लालसर व्हायला लागला, लगेच गॅसवर ठेवला. तेल पुसताना खरंच हात थांबत होता, वाटत होतं सगळंच पुसून चालली मी. पण ह्या वेळी थेंब जमले नाहीत, चिकटला नाही. अंगणात चूल मांडून इंगळावर काल तीन थर दिले, आज दोन. पहिल्या थराला चहासारखा रंग आला, तिसऱ्यापासून काळा पडायला लागला. आणि एक गोष्ट तेव्हाच दिसली. जंग होता तोवर कळलं नव्हतं, तव्याच्या मधे नाही, कानाच्या थोडं उजवीकडे, बशीएवढी जागा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे. पुसताना फडकं तिथं आपोआप सरकते. माय उलथनं नेहमी तिथूनच घालायची, उजव्या हातानं, कडेकडून आत. इतक्या वर्षांत बीड झिजलं तिथं.

आज संध्याकाळी जवारीच्या पिठात थोडं बेसन, सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची घालून पीठ भिजवलं. कांद्याचा काप फिरवला. पहिलं धिरडं धरलं, दुसरं अर्धं तुटलं. तिसऱ्याला गॅस थोडा कमी केला आणि उलथनं घालायची घाई केली नाही, तर कडा वर उचलल्या आणि पूर्ण धिरडं सुटून आलं. मुलीनं तव्यावरूनच उचलून खाल्लं.

आंबाडीचं बरं झालं सांगितलं, मी त्याच्यातच करणार होते. घरात सिकलसेल कोणाला नाही, तपासणी झालेली आहे. आता एवढंच सांगा की रोज वापर झाला नाही तर पावसाळ्यात कसा ठेवायचा? आमच्या घरात ओल खूप येते.

पांढरकवड्याची_सून

वाचून लय बरं वाटलं बाई. धुतला का गॅसवर कोरडा कर, गरम असतानीच तेलाचा फडका नुसता फिरव अन् परत पूस, जास्त राह्यलं तर खवट होते. त्याच्यावर झाकण नको ठेवू, दुसऱ्या भांड्याच्या खाली दाबून नको ठेवू, ठेवाच लागलं तर मधात पेपर टाक. सगळ्यात बेस म्हणजे चुलीच्या वर भिंतीले खुटी ठोकून कानानं लटकवून दे, तिथं ओल येत नाई. आठ दिवसांतून एकखेप तरी धिरडे करत जा, मंग जंगाले जागाच राहत नाई. तुया मायच्या तव्याले एकच कान शिल्लक हाये, म्हणून खुटी जराशी उंच ठोक, नाईतर तवा खाली लोंबून डोक्याले लागन.