निरोगी माणसाने 'इन्फ्लमेशन पॅकेज' (दाह बघणाऱ्या रक्ततपासण्या) करावं का? माझं मत: नाही

गंगापूररोडकर:
आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी लॅबवाले टेबल टाकून बसतात, आणि हल्ली शुगर, लिपिड, थायरॉईडच्या जोडीला एचएस-सीआरपी (दाह झाला की वाढणाऱ्या सीआरपीची बारीक मोजणी), ईएसआर (दाहाचीच जुनी टेस्ट), फेरिटिन (लोहाचा साठा), होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) असं सगळं एकाच पॅकेजमध्ये घालून देतात. शेजारच्या काकूंचा एचएस-सीआरपी ६.८ आला. त्या आठवड्यात त्यांची दाढ चांगलीच ठणकत होती, गाल सुजलेला, पण कुणी विचारलंच नाही, थेट 'शरीरात छुपी सूज आहे' सांगून हळदीच्या कॅप्सूल आणि काय काय गळ्यात मारलं. काकूंची झोप उडालीये. मला याचा खरंच राग येतो.

सीआरपी हे प्रथिन लिव्हरमध्ये बनतं. शरीरात कुठेही दाह झाला की आयएल-६ या निरोप्या प्रथिनामार्फत लिव्हरला निरोप जातो आणि काही तासांत रक्तातलं सीआरपी वाढायला लागतं, पण दाह नक्की कुठे आहे ते त्यावरून कळत नाही. हिरड्या, सर्दी-ताप, पोटावरची चरबी, सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्याने वाढतं. ज्याला काही त्रास नाही त्याने केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून हे करू नये, असं माझं स्पष्ट मत.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
दादा, अजिबात पटलं नाही. आमच्या लाईनवरचा एक पोरगा, चाळीशीच्या आतला, कोलेस्टेरॉल नॉर्मल, आणि अटॅक आला. अशांना आधी कळणार कसं? २००८ साली ज्युपिटर नावाचा अभ्यास आला, १७,८०२ माणसं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याच्या वर, त्यांना रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन औषध) दिल्यावर अटॅक-स्ट्रोक वगैरे ४४ टक्के कमी झाले. नुसत्या कोलेस्टेरॉलवर बसलो असतो तर ही सगळी माणसं 'नॉर्मल' म्हणून घरी गेली असती. चार-पाचशे रुपयांची टेस्ट आहे हो, जीवापेक्षा जास्त आहे का?

गंगापूररोडकर:
तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं, पण ज्युपिटरमध्ये पुरुष पन्नाशीपुढचे आणि बायका साठीपुढच्या होत्या, तो त्यात बसलाच नसता. आणि ज्यांचं सीआरपी कमी होतं त्यांना अभ्यासात घेतलंच नाही, मग फायदा टेस्टने माणसं निवडल्यामुळे झाला की स्टॅटिन कुणालाही दिलं तरी तेवढाच झाला असता, हे ठरवणार कसं? अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये सांगितलं की लक्षणं नसलेल्या लोकांच्या हार्ट रिस्कच्या हिशोबात एचएस-सीआरपी धरायला पुरावा पुरेसा नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
पुरावा पुरेसा नाही म्हणजे टेस्ट फालतू असं होत नाही ना. २०१७ चा कँटोस अभ्यास बघा, कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के कमी. म्हणजे दाह हा नुसता साक्षीदार नाही.

गंगापूररोडकर:
दाह नाही, पण सीआरपी बहुधा साक्षीदारच आहे. जन्मापासून ज्यांच्या जीन्समुळे सीआरपी जास्त असतं त्यांना हार्टचा आजार जास्त होताना दिसला नाही. आणि कँटोसमधले सगळे आधी अटॅक येऊन गेलेले पेशंट, त्यात औषध घेतलेल्यांत इन्फेक्शनने मृत्यू वाढले, एकूण मृत्यूत फरक नाही. हे धडधाकट माणसाला कुठून लागू होणार?

लॅबताई_पंचवटी:
मी रोज हे सॅम्पल लावते म्हणून मध्ये बोलते. टेस्ट वाईट नाही, करायची पद्धत वाईट आहे. साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी लोक एकच समजतात, साध्यात इन्फेक्शन पकडायचं असतं, बारीक आकडे त्यात नीट येत नाहीत. युनिट तर कुणी बघतच नाही, एकीकडे ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापतात आणि दुसरीकडे ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, दोन्ही एकच, पण माणूस घाबरून येतो की दहापट वाढलं म्हणून. हार्टसाठी १ च्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, तोही दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी काढून. १० च्या वर आलं तर आधी इन्फेक्शन शोधायचं. मॅरेथॉन पळून किंवा ब्रह्मगिरीची फेरी करून दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला येऊ नका हो, तेव्हा वाढलेलंच येणार. आणि ईएसआर ॲनिमियात, वयाने, गरोदरपणात तसाही वाढतो, आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता नुसत्या ईएसआरवर काही बोलूच नये.

निफाडची_बाग:
ताई, फेरिटिनचं पण सांगा लोकांना. माझ्या बायकोचं फेरिटिन 'नॉर्मल' म्हणून लोह बंद केलं होतं, नंतर डॉक्टर म्हणाले की दाह असला की फेरिटिन वर जातं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. माझा मुद्दा उलटाच आहे, वाढलेल्यापेक्षा नॉर्मल रिपोर्ट जास्त फसवतो. तिची बोटं सकाळी तासभर आखडायची, छाटणीची कात्री धरता येईना, आणि सीआरपी नॉर्मल! म्हणून आम्ही निवांत बसलो. संधिवाताच्या डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली, अँटी-सीसीपी ही आमवाताची रक्ततपासणी केली, तेव्हा आमवात निघाला. त्रास असेल तर आधी माणूस दाखवा, कागद नंतर.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
भाऊ, त्रास असलेल्याचं मान्य, वाद त्रास नसलेल्याचा आहे. माझा स्वतःचा दोनदा ३ च्या वर आला, बीपी काठावर, वडिलांना पन्नाशीत अटॅक. डॉक्टरांनी हे सगळं एकत्र धरून स्टॅटिन सुरू केलं आणि मी सिगारेट सोडली. बायको वर्षानुवर्षं सांगत होती तेव्हा नाही सोडली, तो आकडा बघून सोडली. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये चाळीशीपुढच्यांना ही टेस्ट घाला म्हणून मी युनियनमध्ये बोलणार आहे.

गंगापूररोडकर:
तुमच्याबाबतीत बीपी आणि वडिलांची हिस्टरी होती, डॉक्टर समोर बसून निर्णय घेत होते, त्याला माझा विरोध नाहीच. पण सरसकट सगळ्यांना घालणार असाल तर निदान दोन गोष्टी लिहून घ्या, वाढलेला आला तर दुसरी टेस्ट कंपनीच्या खर्चाने, आणि रिपोर्ट डॉक्टरने समजावल्याशिवाय हातात द्यायचा नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:
दुसऱ्या टेस्टचं घालतो. रिपोर्ट अडवून ठेवायचं मात्र नाही मानणार, रक्त आमचं आहे, कागद आधी आम्हालाच मिळाला पाहिजे.