मदत हवी आहे: वेगवेगळ्या प्राण्यांच्या मेंदूतल्या जोडण्यांची तुलना नक्की कशी करायची?

जाळीदार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळं लिहिते.

मी प्रोजेक्टसाठी कनेक्टोमवर, म्हणजे मेंदूच्या वायरिंगच्या नकाशांवर काम करतेय. मूळची कॉम्प्युटरवाली, ग्राफ थिअरी बऱ्यापैकी येते, जीवशास्त्र मात्र आत्ता शिकतेय. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांचा १९९८ चा स्मॉल वर्ल्डवाला (मोठ्या जाळ्यातही मोजक्या पायऱ्यांत कुठेही पोचता येतं, तो) पेपर वाचला, त्यात सी. एलिगन्स या कृमीचं जाळं होतं, क्लस्टरिंग (एकाचे शेजारी आपापसातही किती जोडलेले, ते) ०.२८ आणि तेवढ्याच रँडम जाळ्यात फक्त ०.०५, आणि मला वाटलं की हेच सगळ्या प्राण्यांसाठी काढून एका ओळीत मांडलं तर उत्क्रांतीत वायरिंग कसं बदलत गेलं ते दिसेल.

मग डेटा जमवला. कृमीचा आहे, ३०२ न्यूरॉनवाला. फळमाशीच्या अळीचा आहे, २०२३ मधला, ३०१६ न्यूरॉन आणि साधारण ५ लाख ४८ हजार सायनॅप्स (न्यूरॉनमधले सांधे). उंदराचा ॲलन इन्स्टिट्यूटचा २०१४ चा, ट्रेसर (धाग्यांमधून पसरणारं खुणेचं द्रव्य) टोचून केलेला, २१३ भागांचा. मकाक माकडाचा, तोही ट्रेसरचाच, कॉर्टेक्सचे (मेंदूच्या बाहेरच्या थराचे) २९ भाग. सगळे डाउनलोड केले, क्लस्टरिंग काढलं, ग्राफ मांडला आणि काय सुंदर रेषा आली! मेंदू मोठा तसं क्लस्टरिंग जास्त. दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी डेन्सिटी बघितली. कृमीच्या जाळ्यात शक्य असलेल्या जोडण्यांपैकी जेमतेम ३ टक्के आहेत आणि माकडाच्या त्या २९ भागांत ६६ टक्के! इतकं दाट जाळं असेल तर क्लस्टरिंग आपोआपच जास्त येणार, त्यात मेंदूचं काय? म्हणून सगळ्यांना थ्रेशोल्ड लावून, म्हणजे कमकुवत जोडण्या कापून, एकाच डेन्सिटीवर आणलं तर रेषा गायब, थोडी वेगळी डेन्सिटी घेतली तर उलटी.

आता मला खरंच कळत नाहीये की यातलं कुठलं उत्तर मेंदूबद्दलचं आहे आणि कुठलं माझ्या पद्धतीबद्दलचं. गाईड मॅडम म्हणतात डेन्सिटी सारखी करूनच दाखव. पण तसं करताना माकडाच्या बहुतेक सगळ्या जोडण्या मीच पुसून टाकतेय असं वाटतं. कुणी यातून गेलंय का?

---

पेशीमोजणी

गेलोय, आणि अडकलोय. तुमचा गोंधळ डेन्सिटीच्या आधीच सुरू होतो, नोडपाशी, म्हणजे जाळ्यातल्या बिंदूपाशी. कृमीत एक नोड म्हणजे एक पेशी. माकडात एक नोड म्हणजे कॉर्टेक्सचा एक अख्खा भाग, त्यात कोट्यवधी न्यूरॉन. दोन भागांत एक जरी धागा गेला तरी एज (जोडणीची रेघ) धरली जाते, मग डेन्सिटी ६६ येणारच. एका बाजूला दोन माणसांची ओळख आणि दुसऱ्या बाजूला दोन शहरांमधला रस्ता, या दोन गोष्टींची टक्केवारी शेजारी ठेवून काही कळत नाही.

पेशींच्याच पातळीवर राहिलात तरी माशीच बघा. पूर्ण वाढलेल्या फळमाशीचा अख्खा मेंदू २०२४ मध्ये आला, १,३९,२५५ न्यूरॉन, तिथे डेन्सिटी हजारात एकसुद्धा नाही. एक पेशी किती जणींशी जोडणी ठेवू शकते याला मर्यादा आहे, त्यामुळे पेशी वाढल्या की टक्केवारी पडणारच, त्यात माशीचा दोष नाही की मोठेपणही नाही.

एक चाचणी करून बघा, माझे डोळे त्यानेच उघडले होते. प्राणी एकच घ्या, उंदीर. एकदा ट्रेसरचं जाळं आणि एकदा डिफ्यूजन एमआरआयचं (पाण्याच्या हालचालीवरून धाग्यांचा अंदाज घेणारं स्कॅन), भाग तेच ठेवून. एकाच प्राण्याच्या दोन जाळ्यांमधलं अंतर जर दोन प्राण्यांमधल्या अंतराएवढं निघालं तर तुमच्या टेबलात प्राणी दिसत नाहीयेत, पद्धती दिसतायत.

---

काठावरचा

+१ वरच्याला. थ्रेशोल्डबद्दल सांगतो.

मॅडमचं म्हणणं अगदी चुकीचं नाही पण अर्धंच आहे. व्हॅन वाइक, स्टॅम आणि डॅफर्टशोफर यांचा २०१० चा पेपर नेमका याच दुखण्यावर आहे, वेगळ्या आकाराची आणि वेगळ्या डेन्सिटीची जाळी कशी तुलना करायची. त्यांनी एकेक उपाय तपासलाय आणि सगळ्या अडचणी सोडवेल असा एकही निघत नाही. डेन्सिटी सारखी केली की एका जाळ्यातल्या खऱ्या जोडण्या जातात नाहीतर दुसऱ्यात खोट्या राहतात. ट्रेसरमध्ये कमकुवत जोडणीसुद्धा बहुतेक वेळा खरी असते, माकडाच्या डेटात तर मोजलेले न्यूरॉन असतात, ती कापणं म्हणजे नुकसानच. डिफ्यूजनमध्ये मात्र धागे एकमेकांना छेदतात तिथे सॉफ्टवेअर चुकतं आणि खोट्या जोडण्या ढिगाने येतात. म्हणजे एकच थ्रेशोल्ड दोन डेटामध्ये दोन वेगळी कामं करतो.

मी काय करतो सांगू? थेट आकडा कधीच शेजारी ठेवत नाही. प्रत्येक जाळ्याची त्याच्याच नल मॉडेलशी (मुद्दाम रँडम केलेल्या जुळ्याशी) तुलना करतो. आधी डिग्री (प्रत्येक नोडच्या जोडण्यांची संख्या) तशाच ठेवून एज अदलाबदल करायच्या, मॅस्लोव्ह-स्नेपेन पद्धत, हजारेक वेळा, आणि खरं जाळं त्यापेक्षा किती दूर आहे ते बघायचं. पण तेवढ्यावर थांबू नका, दुसरं नल अंतराचं घ्या. मेंदूत जवळच्या जवळ जोडण्या जास्त आणि लांब गेलं की झपाट्याने कमी, मकाकमध्ये तर जवळपास एक्स्पोनेन्शियल उतार आहे. धागा महाग पडतो, जागा खातो, ऊर्जा खातो. नुसत्या या नियमानेच भरपूर क्लस्टरिंग फुकटात मिळतं. अंतर सांभाळलेल्या नलपेक्षाही जे जास्त उरतं, तेवढंच बोलण्यासारखं.

---

जाळीदार

बापरे, अंतराचं नल माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार दोघांचे. माझं बरंचसं क्लस्टरिंग त्यातच जाणार असं दिसतंय.

मग विचारते, तो मामी (MaMI) डेटासेट आहे ना, सस्तन प्राण्यांचा, १२५ प्रजाती, सगळ्यांचे २०० नोड. तो घेतला तर नोडचा आणि पद्धतीचा दोन्ही प्रश्न सुटतात का? की २०० नोड ही पण एक जबरदस्तीच?

---

दोन अर्धगोल

मी त्याच डेटावर काम केलंय म्हणून लिहिते. हो, तुझ्यासाठी तोच बरा. सगळ्या मेंदूंचं स्कॅनिंग एकाच पद्धतीने झालंय आणि व्हॉक्सेलचा (स्कॅनमधल्या सर्वात छोट्या घनाचा) आकार मेंदूच्या आकाराप्रमाणे लहानमोठा केलाय, म्हणजे वटवाघूळ आणि डॉल्फिन दोघांचं चित्र साधारण सारख्याच बारकाईचं.

पण एक खड्डा आहे, त्यात मी पडले होते. वटवाघळाचा ३७ नंबरचा नोड आणि डॉल्फिनचा ३७ नंबरचा नोड यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही मेंदूंचे फक्त दोनशे तुकडे केलेत, दृष्टीचा भाग इकडे आणि श्रवणाचा तिकडे असं जुळवलेलं नाही. त्यामुळे एजला एज लावून वजाबाकी करू नकोस. २०२२ मध्ये यावर जे काम झालं त्यात लाप्लासियनच्या (जाळ्यावरून बनवलेल्या मॅट्रिक्सच्या) आयगेनव्हॅल्यूंचा स्पेक्ट्रम, म्हणजे अख्ख्या जाळ्याची ओळख सांगणारी आकड्यांची यादी, वापरला, त्याला नोडची नावं लागतच नाहीत. आणि त्यात एकाच गणातल्या प्रजातींची जाळी एकमेकींच्या जवळ येतात, कुरतडणारे एकीकडे, मांसाहारी एकीकडे. मला ते पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते, खोटं नाही सांगत.

अर्धगोलांचं वेगळं बघ. २०२० च्या पेपरमध्ये १२३ प्रजातींत असं दिसलं की जाळ्यात एकीकडून दुसरीकडे जायला लागणाऱ्या पायऱ्या मेंदूच्या आकाराने फारशा बदलत नाहीत, पण ज्यांच्यात दोन अर्धगोलांमधल्या जोडण्या जास्त त्यांच्यात अर्धगोलाच्या आतल्या कमी, आणि उलट. आणि कांगारूसारखे पिशवीवाले प्राणी घेतलेस तर त्यांच्यात कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धगोल जोडणारा धाग्यांचा जाड पट्टा) नसतोच हे विसरू नकोस, त्यांचे अर्धगोल मुख्यतः अँटीरियर कमिशर या दुसऱ्या पट्ट्यामधून बोलतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लांडगा, कोल्हा, कुत्रा हे तीन वेगळे बिंदू नाहीत, ती भावंडं आहेत. साधं रिग्रेशन लावलंस तर पी व्हॅल्यू खोटी चांगली येईल. फेल्सेनस्टीनने १९८५ लाच हे सांगून ठेवलंय. पीजीएलएस (प्रजातींमधलं नातं धरून केलेलं रिग्रेशन) वापर, आर या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेजेस तयार आहेत.

---

पेशीमोजणी

कृमी टाकून देऊ नका हो मात्र. पेशीच्या पातळीवर खरी प्रजातींची तुलना करायची असेल तर सी. एलिगन्सशेजारी प्रिस्टिओंकस हा दुसरा कृमी ठेवा. २०१३ मध्ये दोघांच्या घशातले २० न्यूरॉन शेजारी ठेवून तपासले. विसाच्या वीस पेशींना समोर जोडीदार सापडतो, पण वायरिंग बऱ्यापैकी बदललेलं. एक बॅक्टेरिया खातो, दुसरा दात असलेला, इतर कृमींना फाडून खाणारा. तिथे नोड म्हणजे काय यावर वादच नाही, म्हणून मला ते उदाहरण फार आवडतं.

फक्त एकाच प्रजातीतही फरक असतो. २०२१ मध्ये जनुकं सारखी असलेले ८ सी. एलिगन्स वेगवेगळ्या वयात तपासले तर बऱ्याच जोडण्या एकात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, बहुतेक कमकुवतवाल्या. तेवढा फरक आधी वजा धरा.

---

जाळीदार

ठरलं. एका ओळीतला ग्राफ काढून टाकतेय, जड जातंय पण टाकतेय. मुख्य भाग मामीवर, स्पेक्ट्रम आणि अंतराचं नल, पीजीएलएससकट. दोन कृमींचं वेगळं प्रकरण, पेशीला पेशी लावून. आणि पहिल्या प्रकरणात उंदराची दोन जाळी, म्हणजे मॅडमना पण कळेल मी डेन्सिटीवर का अडून बसले.

एकच विचारायचं राहिलं, पीजीएलएसला वंशवृक्ष लागेल ना फांद्यांच्या लांबीसकट, तो कुठून घेता?

---

दोन अर्धगोल

टाइमट्री या वेबसाइटवरून. प्रजातींची यादी दिली की दशलक्ष वर्षांत मोजलेल्या लांबीसकट झाड मिळतं. शास्त्रीय नावं एकदा हाताने तपासून घे, एखादं जुनं नाव असेल तर ती प्रजाती झाडात येतच नाही आणि तुझ्या लक्षातही येत नाही. माझे दोन प्राणी असेच गळले होते.